वर्गातील पाठात तंत्रज्ञान कुठे आणि कसे आणावे

तंत्रज्ञान वापरायचे ठरवल्यावर आपण शिक्षक बहुधा साधनापासून सुरुवात करतो. एखाद्या प्रशिक्षणात नवे अ‍ॅप दाखवले जाते, ते आवडते, आणि मग ते कोणत्या पाठात बसवता येईल याचा शोध सुरू होतो. मीही कित्येक वर्षे हेच केले. पहिल्यांदा प्रोजेक्टर हाती आला तेव्हा मी पाठ्यपुस्तकातील मजकूर स्लाइडवर उतरवला, त्याला चित्रे जोडली आणि तो वर्गाला वाचून दाखवला. वर्ग शांत होता, म्हणून पाठ चांगला झाला असे मी धरून चाललो. पुढच्या आठवड्यात त्याच घटकावर प्रश्न विचारले तेव्हा लक्षात आले की फळ्यावर शिकवलेल्या तुकडीपेक्षा या तुकडीला अधिक काही आलेले नव्हते, आणि त्यांच्या वहीतील नोंदी मात्र कमी होत्या. पुढे मांडलेली पद्धत त्या अनुभवानंतर हळूहळू जमत गेली. तिच्यात आधी पाठातील अडणारी जागा शोधायची असते, मग तिथे विद्यार्थ्याने नेमका कोणता विचार करायला हवा ते ठरवायचे असते, आणि साधनाचा विचार सर्वांत शेवटी येतो.

अडणारी जागा शोधणे

प्रत्येक घटकात एखादी अशी जागा असते की तिथे दरवर्षी मुले अडतात. ती शोधण्यासाठी मागील वर्षाच्या उत्तरपत्रिका किंवा तपासलेल्या वह्या काढाव्यात आणि चुका मोजण्याऐवजी त्यांचे प्रकार वेगळे करावेत. एकच चूक सात-आठ मुलांनी सारख्याच रीतीने केली असेल, तर ती निष्काळजीपणाची चूक नसते. तिच्यामागे एक सुसंगत, पण चुकीची समजूत असते. टाचण काढताना ही समजूत एका वाक्यात, शक्यतो मुलाच्या तोंडच्या भाषेत, लिहून ठेवावी. "पहिला दिवा थोडी वीज वापरून टाकतो, म्हणून दुसऱ्याला कमी मिळते" असे एक वाक्य हाती आले की पाठाची अर्धी रचना झाली असे समजावे.

अडचण कोणत्या जातीची आहे हेही पाहावे लागते. काही गोष्टी अतिसूक्ष्म, अतिदूर, फार मंद किंवा फार वेगवान असल्यामुळे डोळ्यांना दिसतच नाहीत. तिथे प्रतिरूपण, म्हणजे सिम्युलेशन, खरोखर काही नवे देते. काही ठिकाणी एकाच नियमाची पन्नास उदाहरणे भराभर पाहिल्याशिवाय तो नियम मनात बसत नाही, आणि हाताने पन्नास आकृत्या काढणे शक्य नसते. काही ठिकाणी अडचण मुलांपेक्षा शिक्षकाची असते : चाळीस जण काय विचार करत आहेत हे त्याला त्या क्षणी कळत नाही. लेखनासारख्या विषयात पहिला खर्डा सुधारण्याचे कष्ट नको वाटतात, कारण सगळे पुन्हा उतरवावे लागते. या चारही ठिकाणी तंत्रज्ञानाला खरे काम आहे. परंतु अडचण केवळ अपरिचित शब्दांची असेल, किंवा पुरेसा सराव न झाल्याची असेल, तर फळा, खडू आणि वही यांनी ती अधिक लवकर सुटते, आणि तसे असेल तर त्या तासाला साधन न नेणे हाच योग्य निर्णय ठरतो.

माध्यम स्वतः शिकवत नाही, त्यातून चालणारी अध्यापनाची पद्धत शिकवते, हा मुद्दा रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये ठामपणे मांडला आणि त्यावर पुढे बराच वाद झाला. वादाची दुसरी बाजूही विचारात घेण्याजोगी आहे, कारण काही पद्धती विशिष्ट माध्यमाशिवाय अमलात आणताच येत नाहीत. तरीही नुसते यंत्र हाती देऊन काय होते याचे एक मोठे उदाहरण आपल्यासमोर आहे. पेरू देशातील ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांचा समावेश असलेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना लॅपटॉप मिळाले, संगणकाचा वापर वाढला, पण गणित आणि भाषा यांच्या चाचण्यांतील गुणांवर त्याचा परिणाम आढळला नाही. यंत्र आले, पण पाठात काय बदलायचे हे त्याच्याबरोबर आले नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो.

पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये मांडलेली चौकट इथे उपयोगी पडते. विषय कसा शिकवावा याचे ज्ञान हे विषयाच्या ज्ञानापेक्षा वेगळे असते, असे ली शुलमन यांनी १९८६ मध्ये म्हटले होते. मिश्रा आणि कोहलर यांनी त्याला तंत्रज्ञानाच्या ज्ञानाची जोड दिली आणि ही तिन्ही ज्ञाने जिथे एकमेकांत मिसळतात तिथेच चांगला पाठ घडतो, असे दाखवले. व्यवहारात याचा अर्थ असा की "तंत्रज्ञान शिकणे" असे सुटे काम नसतेच. भूमितीच्या शिक्षकाने शिकायचे ते वेगळे आणि भाषेच्या शिक्षकाने शिकायचे ते वेगळे. म्हणून सर्व विषयांसाठी एकच प्रशिक्षण घेतल्यानंतरही, आपल्या विषयातील एका घटकावर स्वतः बसून काम केल्याशिवाय त्याचा उपयोग होत नाही.

एका पाठाची उभारणी : एकसर जोडणी

वर दिलेले दिव्यांचे वाक्य घेऊन पूर्ण पाठ कसा उभारावा हे मी सविस्तर सांगतो, कारण तपशिलात गेल्याशिवाय ही पद्धत हाताला लागत नाही. यासाठी कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील केंद्राचे "फेट" हे प्रतिरूपण वापरता येते. भौतिकशास्त्रातील नोबेल पारितोषिकाचे मानकरी कार्ल वीमन यांनी हा प्रकल्प २००२ मध्ये सुरू केला. ही प्रतिरूपणे विनामूल्य आहेत आणि त्यांतील बरीचशी एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात.

पाठाची सुरुवात पडदा बंद ठेवून करावी. फळ्यावर एक बॅटरी आणि एकसर जोडणीतील, म्हणजे एकाच तारेवर एकापुढे एक जोडलेले, दोन सारखे दिवे काढावेत आणि विचारावे : कोणता दिवा अधिक प्रकाश देईल, आणि का? प्रत्येकाने आपले भाकीत कारणासह वहीत लिहावे. ही दोन मिनिटे कधीही वाचवू नयेत. लिहिलेले भाकीत नसेल, तर समोर काहीही दिसले तरी "मला हेच वाटले होते" असे म्हणण्याची मनाला मुभा राहते. लिहिलेले असेल, तर निरीक्षण त्याच्याशी जुळते की नाही हे पाहावेच लागते.

त्यानंतर प्रतिरूपण उघडावे. दोघांमागे एक यंत्र असेल तर जोड्यांनी काम करावे. एकच पडदा असेल तर एका मुलाला चालवायला बसवावे आणि बाकीच्यांनी त्याला सूचना द्याव्यात. दुसरी रचना कमी प्रतीची आहे असे मानण्याचे कारण नाही, कारण सूचना शब्दांत देताना विचार स्पष्ट करावा लागतो. बॅटरी ९ व्होल्टची आणि प्रत्येक दिव्याचा रोध १० ओहम ठेवावा. मग विचारावे : अ‍ॅमीटर कुठे लावला तर आपल्या भाकिताचा निकाल लागेल? पहिल्या दिव्याच्या आधी, दोघांच्या मधे आणि दुसऱ्याच्या नंतर, अशा तीन जागा मुले स्वतः सुचवतात. तिन्ही ठिकाणी विद्युतधारा ०.४५ अ‍ॅम्पियर दिसते. इथे वर्गात जी शांतता पसरते ती महत्त्वाची आहे आणि ती भरून काढण्याची घाई शिक्षकाने करू नये.

पुढचे पाऊल एक दिवा काढून परिपथ पुन्हा जोडण्याचे. विद्युतधारा ०.९ अ‍ॅम्पियर होते. धारा दुप्पट झाली, पण एका दिव्यात खर्च होणारी शक्ती किती झाली हे मुलांना वहीत काढायला सांगावे : दोन दिवे असताना प्रत्येकी सुमारे २ वॅट, एक असताना ८.१ वॅट, म्हणजे चौपट. दिवा एवढा उजळ का झाला याचे उत्तर त्यांना स्वतःच्या आकडेमोडीतून मिळते. समांतर जोडणी याच तासात घेण्याचा मोह होतो, तो आवरावा. एका तासात एका समजुतीचा निकाल लागला तर पुष्कळ झाले.

दुसऱ्या तासाला खरा सेल, खऱ्या तारा आणि खरे तंतूचे दिवे आणावेत. प्रतिरूपणावर थांबणे मला धोक्याचे वाटते, कारण प्रत्येक प्रतिरूपण काही गोष्टी दाखवण्यासाठी दुसऱ्या काही गोष्टी बदलते. पडद्यावर इलेक्ट्रॉन ठळक गोळ्यांसारखे सरकताना दिसतात. प्रत्यक्षात नेहमीच्या परिपथातील तांब्याच्या तारेत त्यांचा पुढे सरकण्याचा वेग सेकंदाला एक मिलिमीटरपेक्षाही कमी असतो, आणि तरी कळ दाबताच दिवा लागतो, कारण विद्युतक्षेत्र संपूर्ण परिपथात जवळजवळ तत्काळ प्रस्थापित होते. पडद्यावरील दिव्याचा रोध स्थिर असतो. खऱ्या तंतूचा रोध तापमानाबरोबर वाढतो, त्यामुळे दोन दिवे जोडल्यावर तंतू कमी तापतात, त्यांचा रोध घटतो आणि धारा अगदी निम्मी न होता निम्म्याहून काहीशी अधिक राहते. चाणाक्ष मुलगी हा फरक दाखवून देते तेव्हा तिला "अंदाजे बरोबर आहे" असे सांगून बसवू नये. प्रतिमान आणि वास्तव यांतील हे अंतर समजणे हाच विज्ञानाचा गाभा आहे, आणि तो इथे अनायासे हाती येतो.

हीच रचना गणितात जिओजेब्रा या साधनाने करता येते. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये त्यावर काम सुरू केले. तेही विनामूल्य आहे. परिवर्तुळाचे केंद्र त्रिकोणाच्या आतच असते असे बहुतेक मुलांना वाटते, कारण पुस्तकात नेहमी लघुकोन त्रिकोणच काढलेला असतो. शिरोबिंदू ओढून त्रिकोण हळूहळू बदलू दिला की केंद्र बाजूकडे सरकताना दिसते, कोन काटकोन होताच ते कर्णाच्या मध्यबिंदूवर येते आणि विशालकोन होताच बाहेर पडते. मात्र ओढण्यापूर्वी "ते बाहेर जाऊ शकेल का?" हा प्रश्न आणि ओढल्यानंतर "ते नेमके काटकोनाच्या वेळीच बाजूवर का आले?" हा प्रश्न, हे दोन्ही विचारले गेले नाहीत तर मुले आकृती ओढत राहतात आणि शिकत काहीच नाहीत.

वर्ग काय विचार करतो ते कळणे

माझ्या मते शिक्षकाला तंत्रज्ञानाचा सर्वांत मोठा उपयोग शिकवण्यासाठी होत नाही. मुलांचे विचार ऐकण्यासाठी होतो. हात वर करून उत्तरे घेतली की तेच पाच-सहा जण बोलतात आणि शिक्षक त्यांच्यावरून साऱ्या वर्गाचा अंदाज बांधतो. प्रत्येकाकडून एकाच वेळी उत्तर मिळवण्यासाठी मोबाइलवरील प्रश्नमंजूषेची साधने आहेत. मुलांकडे यंत्रे नसतील तर प्लिकर्ससारख्या साधनात प्रत्येकाला एक छापील कार्ड मिळते, ते ज्या बाजूने वर धरले ते त्याचे उत्तर, आणि शिक्षक आपल्या एकाच फोनच्या कॅमेऱ्याने सर्व उत्तरे टिपतो.

पण साधनापेक्षा प्रश्नाची घडण कितीतरी अधिक महत्त्वाची आहे. चुकीचा प्रत्येक पर्याय एखाद्या ठरावीक गैरसमजुतीचा असावा. दशांश अपूर्णांकांचे उदाहरण घेऊ. ०.८, ०.३५ आणि ०.१२७ यांपैकी सर्वांत मोठी संख्या कोणती, असे विचारले आणि मुलाने ०.१२७ निवडली, तर तो दशांश चिन्हापुढील अंक पूर्ण संख्येसारखे वाचतो आहे हे समजते. मात्र ०.८ निवडणारे सगळे बरोबर विचार करतात असे नाही. काहींचा नियम "जितके अंक कमी तितकी संख्या मोठी" असा असतो. म्हणून लगेच दुसरा प्रश्न द्यावा : ०.४ मोठी की ०.६२? आता कमी अंकांचा नियम पाळणारा मुलगा ०.४ निवडतो आणि उघडा पडतो, तर पूर्ण संख्येसारखे वाचणारा मात्र चुकीच्या कारणाने बरोबर उत्तर देतो. दोन्ही प्रश्नांची उत्तरे शेजारी ठेवली की वर्गाचे तीन गट स्पष्ट दिसतात, आणि त्या तिघांना शिकवायचे ते वेगवेगळे असते. असा एक जोडप्रश्न तयार करायला मला कधी कधी एक संध्याकाळ लागते, आणि ती संध्याकाळ कोणत्याही आकर्षक स्लाइडपेक्षा सत्कारणी लागते.

उत्तरे मिळाल्यावर काय करायचे, याची एक चांगली वहिवाट हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१ पासून रूढ केली. प्रश्न दिल्यावर आधी प्रत्येकाने एकट्याने विचार करून उत्तर द्यायचे. शिक्षकाने बरोबर उत्तर न सांगता मुलांना शेजाऱ्याशी चर्चा करायला लावायचे. मग पुन्हा उत्तरे घ्यायची. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर असतील तर चर्चेचा लाभ अधिक होतो. त्याहून कमी असतील तर मुद्दा पुन्हा शिकवावा, आणि त्याहून जास्त असतील तर थोडक्यात खुलासा करून पुढे जावे. पहिल्या फेरीचा निकाल पडद्यावर दाखवू नये, कारण उंच स्तंभ दिसला की मुले विचार सोडून बहुमताकडे वळतात. गुण, वेळेची घंटा आणि क्रमवारी हे या साधनांतील भाग मी बंद ठेवतो. विचार करायला वेळ लागणाऱ्या मुलांवर ते अन्याय करतात.

स्लाइड आणि चित्रफीत

सुरुवातीला सांगितलेल्या माझ्या स्लाइडच्या पाठात काय चुकले होते, हे मला बोधात्मक भाराविषयी वाचल्यावर समजले. जॉन स्वेलर यांनी १९८८ पासून मांडलेल्या या विचारानुसार आपली कार्यकारी स्मृती एका वेळी फार थोडी नवी माहिती सांभाळू शकते. पडद्यावर पूर्ण वाक्ये असतील आणि शिक्षक तीच वाचत असेल, तर मुलाला वाचन आणि श्रवण ही दोन कामे एकाच मजकुरासाठी करावी लागतात आणि ती एकमेकांच्या आड येतात. रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून निघालेले नियम पाळायला सोपे आहेत : आकृती दाखवावी आणि स्पष्टीकरण तोंडी द्यावे, आकृतीतील भागाचे नाव त्या भागाला लागूनच लिहावे, विषयाशी संबंध नसलेली शोभेची चित्रे, हालचाली आणि संगीत काढून टाकावे. मुले नोंदी घेत असतील तर पडदा काही काळ पूर्ण काळा करावा.

चित्रफीत दाखवताना ती तीन-चार मिनिटांचीच निवडावी, स्वतः आधी संपूर्ण पाहावी, आणि थांबवण्याच्या दोन जागांची मिनिटे व सेकंद टाचणात लिहावेत. तिथे थांबवून पुढे काय होईल हे विचारावे. संपल्यावर लगेच पुन्हा लावण्याऐवजी वह्या बंद करून आठवेल ते लिहायला सांगावे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांच्या २००६ मधील प्रयोगात, उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवले, पण एका आठवड्याने मात्र आठवून लिहिण्याचा सराव केलेल्यांनीच त्यांना मागे टाकले. आपल्याला परीक्षेच्या आदल्या रात्रीपुरते शिकवायचे नसेल, तर हा निष्कर्ष मनावर घ्यायला हवा.

भाषेच्या तासाला

भाषेच्या वर्गात दोन अगदी साधी साधने पुरतात. एक म्हणजे ध्वनिमुद्रण. विद्यार्थ्याने एक परिच्छेद मोठ्याने वाचून फोनवर मुद्रित करावा, स्वतः ऐकावा, कुठे अडखळलो आणि कुठे विराम चुकला त्या जागा पुस्तकात पेन्सिलने खुणावाव्यात, आणि मग पुन्हा मुद्रित करावे. वर्गासमोर उभे राहून वाचायला घाबरणारी मुले इथे चार-चार वेळा वाचतात, कारण ऐकणारे ती स्वतःच असतात. दुसरे साधन म्हणजे बदलांचा इतिहास जपणारा ऑनलाइन दस्तऐवज. निबंधाचा अंतिम खर्डा तपासण्यापेक्षा पहिल्या आणि तिसऱ्या खर्ड्यात काय बदलले ते मुलाबरोबर बसून पाहणे अधिक फलदायी असते. "हे वाक्य तू का काढलेस?" या प्रश्नाला उत्तर देताना मूल लेखक म्हणून बोलू लागते. शिक्षकाने शेरा देताना चूक दुरुस्त करून देऊ नये. ती जागा दाखवावी आणि दुरुस्तीचे काम मुलाकडे ठेवावे, नाहीतर एका टिचकीने सूचना स्वीकारून ते मोकळे होते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाल्यापासून लेखनाच्या गृहपाठाचा प्रश्न अधिक बिकट झाला आहे. बंदी घालून तो सुटत नाही, आणि यंत्राने लिहिलेला मजकूर ओळखण्याचा दावा करणाऱ्या साधनांवर विसंबून एखाद्या मुलावर आरोप करणे तर मुळीच योग्य नाही, कारण ती साधने प्रामाणिक मुलालाही दोषी ठरवू शकतात. माझा नियम असा आहे की पहिला खर्डा वर्गात, हाताने आणि माझ्यासमोर व्हावा. त्यानंतर हवे असल्यास यंत्राकडून त्याच विषयावरचा परिच्छेद घ्यावा आणि मुलांनी त्यातील पोकळ वाक्ये, चुकीची माहिती आणि न पटणारे शब्द शोधावेत. शिक्षकाला ही साधने प्रश्नांचे पर्याय किंवा एकाच उताऱ्याच्या सोप्या-कठीण आवृत्त्या तयार करण्यासाठी उपयोगी पडतात. मात्र ती चुकीची माहितीही तितक्याच आत्मविश्वासाने देत असल्याने प्रत्येक ओळ स्वतः पडताळल्याशिवाय वर्गात नेऊ नये.

तासापूर्वीची तयारी

ज्या यंत्रावर आणि ज्या खोलीत पाठ घ्यायचा आहे, तिथेच आदल्या दिवशी तो एकदा चालवून पाहावा. घरी चाललेली गोष्ट शाळेच्या संगणकावर चालतेच असे नाही. शेवटच्या बाकावरून पडद्यावरील अक्षर वाचता येते का, हे स्वतः तिथे बसून पाहावे. खिडकीतून येणाऱ्या उजेडात फिकट रंग पुसले जातात हे तेव्हाच कळते. लाल आणि हिरवा एवढाच फरक करून काही दाखवू नये, कारण काही मुलांना तो दिसत नाही. रंगाबरोबर खूण किंवा अक्षरही द्यावे. चित्रफितीला उपशीर्षके असतील तर ती ऐकायला अडचण असणाऱ्यांनाच नव्हे, मागे बसणाऱ्या सर्वांना उपयोगी पडतात.

वीज किंवा जोडणी गेली तर काय करायचे, हे टाचणात आधीच एका ओळीत लिहिलेले असावे. दिव्यांच्या पाठात माझ्याकडे तीन वाचनांचा एक छापील तक्ता तयार असतो. पडदा बंद पडला तर भाकीत तेच राहते, प्रश्न तेच राहतात, फक्त अ‍ॅमीटरचे आकडे कागदावरून दिले जातात. मूळ विचार पडद्यावर अवलंबून नसेल तर पाठ मोडत नाही. पाठ पूर्णच मोडत असेल, तर त्यात साधनाशिवाय काहीच नव्हते हे तेव्हा तरी मान्य करावे.

मुलांची माहिती हा विषय थोडक्यात सांगतो, पण तो गौण नाही. कोणत्याही साधनात मुलांची पूर्ण नावे, जन्मतारखा किंवा छायाचित्रे भरू नयेत; हजेरी क्रमांक किंवा टोपणनाव पुरते. खाते उघडल्याशिवाय चालणारे साधन उपलब्ध असेल तर तेच निवडावे. दुसऱ्याचे चित्र किंवा मजकूर वापरताना त्याचा परवाना पाहावा. २००२ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यांखाली पुष्कळ साहित्य मोकळेपणाने वापरता येते, पण त्यासाठीही कर्त्याचा उल्लेख करावा लागतो, आणि तो आपण केला की मुलेही करायला शिकतात.

उपयोग झाला की नाही

मुलांना मजा आली का, यावरून निर्णय घेऊ नये. नव्या वस्तूची नवलाई तीन-चार तासांत ओसरते. पाठाच्या आधी विचारलेला तोच जोडप्रश्न, संख्या किंवा आकृती बदलून, पाठानंतर आठवड्याने आणि मग महिन्याने विचारावा, आणि प्रत्येक चुकीचा पर्याय किती जणांनी निवडला ते एका वहीत लिहून ठेवावे. त्याच वहीत आणखी तीन गोष्टी नोंदवाव्यात : यंत्र सुरू करण्यात तासातील किती मिनिटे गेली, कोणती मुले नुसती पाहत बसली, आणि आपण अपेक्षित न धरलेला कोणता प्रश्न आला. शेवटची नोंद पुढच्या वर्षीचा पाठ घडवते. दिव्यांच्या पाठातील "तारेची लांबी वाढवली तर?" हा प्रश्न माझ्या टाचणात अशाच एका नोंदीतून आला.

एका सत्रात एकाच घटकाचा पाठ अशा रीतीने बांधावा. वर्षाला दोन पाठ झाले तरी पाच वर्षांत दहा होतात, आणि ते खरोखर आपले असतात. दोनदा सुधारूनही साधनाने अडणारी जागा सुटत नसेल तर ते सोडून द्यावे आणि का सोडले तेही लिहावे. विषयाच्या दुसऱ्या शिक्षकाला पाठ देताना नुसती फाइल देऊ नये. अडणाऱ्या जागेचे ते एक वाक्य, जोडप्रश्न, चित्रफीत थांबवण्याच्या वेळा आणि वहीतील नोंदी बरोबर द्याव्यात, आणि शक्य असेल तर त्यांच्या पहिल्या तासाला मागच्या बाकावर बसून मुले काय बोलतात ते ऐकावे.